गोदावरीला ओहोटी लागेपर्यंत

माझा मेव्हणा धर्मा खाडीला ओहोटी लागल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडायचा नाही.

होडीवर जायचं म्हणत नाही मी. होडी विकून त्याला जमाना झाला. बँकेत जायचं असो, दाढीला जायचं असो, कोणाच्या मयताला जायचं असो, हा गडी पायात चप्पल घालून दारात उभा राहणार आणि बोटं मोजणार. आज तिथी कोणती, म्हणजे पाणी कधी फिरणार. बरं, समोर खाडी तरी दिसते का? घणसोली गावात त्याच्या दारातून आता दिसते समोरच्या घराची भिंत, त्या भिंतीवर वाळत घातलेल्या भाडेकऱ्यांच्या चड्ड्या, आणि त्यांच्यावर डोकं काढून उभे असलेले टॉवर. खाडी पार तिकडे, मोठ्या रस्त्यापलीकडे, तिवरांच्या मागे. पण धर्माला घाई करा, की त्याचं ठरलेलं उत्तर येणार.

"मना नको सांगू. पान्याला इचार."

हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. आजपण फिरलं, म्हणून लिहायला बसलोय.

मी शाळेत फार गेलो नाही, पण खाडी मला कोणी शिकवायला नको. जुन्या काळी ही रीत बरोबर होती. ओहोटीच्या पाण्याबरोबर होडी बाहेर जायची, भरतीच्या पाण्याबरोबर घरी यायची. उलटं जाणाऱ्याचे वल्हवून वल्हवून खांदे निखळायचे. माझा बापपण पाणी बघूनच निघायचा. पण बाप होडीत बसायचा. धर्मा रिक्षात बसतो. रिक्षा काय भरतीला मागे जाते?

माझ्या मुलीसाठी जुईनगरचा मुलगा बघायला जायचं होतं. मुलीचा मामा म्हणजे कोण, मान त्याचा. पण हा तिचा आतोबा लागतो आणि चार माणसांत बोलायला बरा, म्हणून मी त्याला पुढे घातला. तिकडे पोहे निवले, चहा निवला, मुलाचा बाप निवायचं सोडून तापला. आम्ही पोचलो तेव्हा तो म्हणाला, "ट्रॅफिक लागलं का?" मी हो म्हणणार, तेवढ्यात धर्मा म्हणतो कसा, "नाय. भरती व्हती." सोयरीक मोडली. मुलगी पुढे चांगल्या घरी पडली, ती गोष्ट वेगळी. माझी मान खाली गेली ती गेलीच.

दुसरी गोष्ट सीवूड्सची. तिथे त्याची मुलगी फ्लॅटमध्ये राहते. नातवाचा वाढदिवस होता. हा गेला ओहोटीला, तोवर केक कापून झाला होता. बरं, उशिरा आलास तर लवकर नीघ! नाही. परतायचं भरतीला. माणसं गेली, फुगे फुटले, जावयाला झोप अनावर झाली, आणि हा आपला सोफ्यावर मांडी घालून बसलेला. "पप्पांना काय टेन्शन आहे का?" जावयाने मला फोन करून विचारलं. मी म्हटलं, "त्याला काय टेन्शन? टेन्शन तुमाला."

हसा. गावातली सगळी हसतात. मी नाही हसत. कारण या पाण्याच्या नादात माझी बहीण फुकट गेली.

चांगू. माझ्या पाठची. धर्माला दिली. गावातल्या गावातच दिली, म्हणून आयुष्यभर तिने फक्त गल्ली बदलली. तिला एकच हौस होती, नाशिक बघायचं. आळीतल्या बायका जाऊन आलेल्या. कोणी तांब्याचा गडू आणला, कोणी चिवडा आणला, आणि सगळ्यांनी येऊन हिला सीतेच्या गुंफेचं सांगितलं. आत इतकं वाकून जायचं, आत इतकं अंधारून येतं. चांगू मला म्हणायची, "दादा, मी काय एवरी जाडी नाय, मी जाईन ना आत?" मी म्हणायचो, "तू काय, तुझी सासूपण गेली असती."

पण यष्टी सुटायची पहाटे. आणि ज्या दिवशी जायचं ठरवावं त्या दिवशी पहाटे नेमकी भरती. ज्या दिवशी ओहोटी, त्या दिवशी कोणाचं लग्न, कोणाचं बारसं, कोणाचं आजारपण. "जाऊ गं," धर्मा म्हणायचा. "पानी काय पळून जातंय?"

पाणी नाही पळालं. चांगू गेली. दोन दिवसांच्या तापाने गेली.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, तेव्हाच मी भावकीसमोर सांगितलं. हिला खाडीत सोडायची नाही, हिला नाशिकला न्यायची. गोदावरीत. जिवंतपणी गेली नाही, आता तरी जाईल. दहाव्याच्या आत सगळं झालं पाहिजे. धर्मा खाली मान घालून बसला होता. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. आणि ओहोटीची वाट बघता बघता दहाव्याचा आदला दिवस उजाडला. त्या पहाटे मी त्याच्या दारात गेलो आणि म्हटलं, "आज भरती असूं दे, नायतर समुद्र गावात येऊं दे. तू आलास तं आलास, नाय तं मी एकटा घेऊन जातंय तिला." तेव्हा निघाला. भरतीला. पहिल्यांदा.

चांगूच्या हिरव्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं मडकं त्याने कसाऱ्याच्या घाटातसुद्धा मांडीवरून हलवलं नाही.

नाशकात उतरलो. मला वाटलं, भरतीला निघाला, आता सुधारला. कसला सुधारतोय! रिक्षात बसल्या बसल्या रिक्षावाल्याला विचारतो, "तुमच्याकडं ओहोट कवा लागते?"

"काय लागतं, बाबा?"

"ओहोट. पानी कवा फिरतं?"

रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी बाहेर बघितलं. "गंगेला भरती-ओहोटी नसते, बाबा," तो म्हणाला. तिकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. "धरणातून पाणी सोडलं की वाढतं, बंद केलं की उतरतं."

"सोडतं कोन?"

"साहेब लोक. पाटबंधाऱ्याचे."

धर्मा माझ्याकडे वळला. "चंद्राचा काम हाफिसात दिला यांनी?"

रामकुंडावर ही गर्दी. पायऱ्या, छत्र्या, ओली धोतरं, सेल्फी काढणारी पोरं. एक भटजी मिळाले, चांगले होते. म्हणाले, आता लगेच बसा, मोकळे व्हाल. धर्मा खाली कुठे बसतोय! तो गेला पुढे, दुतोंड्या मारुतीपाशी. तिथे दिवे विकणारी एक मावशी होती, तिला विचारतो, "पानी कवरं चढतं गो?"

"मोठं पाणी आलं ना बाबा, की मारुतीच्या छातीला लागतं," मावशी म्हणाली. पावसाळ्यातल्या पुराचं सांगत होती बिचारी. शहाण्या माणसाला कळलं असतं.

"बग!" धर्मा माझ्यावर खेकसला. "छातीला लागतं. आनि ता रिक्षावाला बोलतो भरती नसते. भायेरच्या मानसाला सगली फसवतात."

मग म्हणाला, पाणी फिरेपर्यंत बसून काय करायचं, गाव बघू.

मडकं घेऊन! मी म्हटलं, अरे, अस्थी घेऊन कोणी गाव बघतं का? ऐकेल तर धर्मा कसला. पंचवटीतल्या त्या बोळांतून पुढे तो, मागे मी. चपलेचा अंगठा तुटलेला, पोटात सकाळपासून फक्त चहा. काळारामाच्या दगडी दरवाजासमोर गेला आणि बाहेरच थांबला. मडकं घेऊन आत जात नाहीत एवढं त्याला कळत होतं. रस्त्याच्या कडेला उभा राहून त्याने मडक्यावरचं लुगडं थोडं सारखं केलं, देवळाच्या बाजूला. मान्यवराला खुर्ची फिरवून देतात तसं.

तेव्हा मला कळलं हा काय करतोय. आणि माझा असा संताप झाला, की मी भर रस्त्यात ओरडलो.

"तिला नाशिक दाखवतोस? आता? डोळं हुतं तवा कुठं गेल्ता रे तू, मेल्या?"

प्रसादाच्या दुकानातली माणसं बघायला लागली. धर्माने लुगडं परत सारखं केलं. चालायला लागला. थांबला तो सीतागुंफेसमोर.

रांग होती. धर्मा मला म्हणाला, "तू आत जा."

"मी? कशाला?"

"मी हिला घेऊन भायेर थांबतंय. तू जाऊन बग आनि येऊन सांग."

माझे गुडघे कसे आहेत ते घणसोलीत सगळ्यांना माहीत आहे. तरी मी गेलो. त्याच्यासाठी नाही गेलो. वाकून वाकून, जवळजवळ बसून, भिंतीला डोकं आपटत गेलो, मागून एक बाई "ओ काका, सरका ना" करतेय, आणि घामाघूम होऊन बाहेर आलो. धर्मा रस्त्यापलीकडे उभा होता.

"हां, सांग," म्हणाला.

"काय सांगू? अरुंद हाय. अंधार हाय. आत मूर्ती हायेत."

"मोठ्यानं सांग."

"बहिरा झालास?"

"मना नको सांगू," धर्मा म्हणाला, आणि मडकं माझ्यापुढे धरलं.

आता माणसाने काय करावं? नाशिकच्या रस्त्यावर, येणारे-जाणारे बघतायत, आणि मी रागाने लालेलाल होऊन एका मडक्याला सांगतोय, "चांगू, वाकून जायला लागतं. पायरी खोल हाय. पन तू गेली असतीस. आरामात गेली असतीस." धर्माने मडकं काखेत घेतलं आणि नदीकडे निघाला.

कुंडावर आलो तर ऊन कललेलं. भटजी दोन घरची कामं उरकून परत आले होते. "आजोबा, बसताय ना?" धर्मा खालच्या पायरीवर जाऊन बसला, पण पाण्याकडे तोंड करून. त्याने झेंडूची एक पाकळी पाण्यात टाकली. ती हळूहळू पुढे गेली. थोड्या वेळाने दुसरी टाकली. तीपण तिकडेच गेली. असं किती वेळ चाललं होतं देव जाणे. भटजी म्हणाले, "आजोबा, नदी आहे ही. इथे ओहोटी नाही लागत."

मग मी सुटलो. जे माझ्या पोटात इतकी वर्षं होतं ते सगळं काढलं. म्हटलं, "तुझ्या ओहोटीनं माझी बहीन चार भिंतींत मेली. आता मेल्यावर तरी तिला सोड! उद्या दहावा हाय. पानी समोर हाय, बामन समोर हाय, आनि तू ओहोटीची वाट बघत बसलास? अरे, ही नदी तुझ्या बापाची होडी हाय का?"

धर्माने मागे वळून बघितलं नाही.

"ओहोटीची वाट कोन बघतंय?" तो म्हणाला. "सकालपासून ओहोटच हाय, दिसत नाय तुना? नुसतं जातंय. मी भरतीची वाट बघतंय."

"भरती?" मी म्हटलं. "हितं?"

"आपल्या खाडीत सोडलेलं भरतीला परत येतं, महादू. काय पन सोड. ओंडका सोड, हार सोड, रातीला परत दारात. मी बोललो, हितं पन तसंच असंल. एकदा पानी परततांना बघीन, मग सोडीन." त्याने हातातली शेवटची पाकळी टाकली. "हे नाय परतत. हितून गेलेली परत नाय येनार."

भटजींनी माझ्याकडे बघितलं. मी दुतोंड्या मारुतीकडे बघितलं.

मी म्हटलं, "तुना सोडवत नसंल तं मी सोडतंय."

"नको," धर्मा म्हणाला. "तुझा हात रागाचा हाय."

त्यानेच सोडलं. हळू, पाणी न उडवता, होडी पाण्यात लोटावी तसं. भटजी मंत्र म्हणत होते, डोळे मिटून. म्हणून त्यांना दिसलं नाही, मला दिसलं. मडकं उपडं करायच्या आधी धर्माने चिमूटभर राख लुगड्याच्या कोपऱ्यात बांधून घेतली. असं करत नाहीत. शास्त्रात बसत नाही. मी भाऊ आहे, मी तिथेच बोलायला पाहिजे होतं. मी धोतर पिळत बसलो.

दुसऱ्या दिवशी दहाव्याला ती चिमूट त्याने आपल्या खाडीत सोडली. ओहोटी बघून.

तेव्हापासून हा भरतीलाच घराबाहेर पडतो. सगळं उलटं. मोठा रस्ता ओलांडतो, तिवरांपाशी जातो आणि पाणी चढेपर्यंत उभा राहतो. गावातली पोरं हसतात. एखाद्याने माझ्यासमोर हसून दाखवावं.

मी त्याला माफ केलेलं नाही. माफ करायचा माझा स्वभावच नाही. पण रस्त्यावर गाड्या अशा येतात, आणि त्याला एका डोळ्याने नीट दिसत नाही, म्हणून मला जावं लागतं. आजपण गेलो. त्याच्या दारात उभा राहिलो आणि रागानेच विचारलं, "काय रे, भरती कवा हाय?"

धर्मा चप्पल घालत होता.

"मना नको इचारू," म्हणाला.

मग आम्ही दोघे पाण्याला विचारायला गेलो.