सरदार सुभानरावांनी आवडाबाईंचा चेहरा काढिला त्याची हकीकत

श्रीगजानन सर्वांस सांभाळो. बसा मंडळी, पाय पसरा, तोंडात विडा असेल तर असू द्या, पण कान इकडे ठेवा. एक मोहीम सांगतो. तीत घोडा नाही, तलवार नाही, माणूस एक मेला नाही. तरी मोठ्या सरदाराच्या तोंडचे पाणी पळाले होते.

शके सोळाशे ब्याण्णव, विकृतीनाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध पंचमीचे दिवशी एका राज्यात, नाव कशास हवे, पागेचे सरदार सुभानराव यांचे मनात आले की आपल्या कुटुंबाचा, आवडाबाईसाहेबांचा, चेहरा आपल्या हाताने कागदावर उतरवावा. वय पंचावन्न, गुडघ्यात भाल्याची जुनी जखम, घोड्यावर बसणे सुटलेले आणि हात रिकामे. मग ते दरबारचे चितारी कुशाबा यांजकडे गेले आणि "शिकवा" म्हणाले, आणि कुशाबाने चिंचेच्या काड्या मडक्यात कोंडून जाळिल्या, तो कोळसा हाती दिला, पुसावयास भिजल्या कणकेचा गोळा दिला, आणि सांगितले की आधी महिनाभर मडकीच काढावी. सरदारांनी मडकी काढिली, मग नाके काढिली, मग कान, आणि मग अख्खे तोंड काढू लागले, तो डोळे दर खेपेस कपाळात चढत.

कुशाबा म्हणाला, "सुभानराव, डोळे टाळू आणि हनुवटीच्या बरोबर मध्ये असतात. तुम्ही माणसाचा मेंदूच कापून टाकता."

"दरबारात पुष्कळांस तो नाहीच," सरदार म्हणाले, आणि पुसून पुन्हा काढिले.

फाल्गुनात हात बसला, मग आवडाबाईसाहेबांस खिडकीपाशी एका अंगाने उजेड पडेल असे बसविले, आणि सरदार हात लांब करून, काडी आडवी धरून, एक डोळा मिटून माप घेऊ लागले. बाई म्हणाल्या, "या वयात डोळा मारता होय? सुना बघताहेत." पण बसल्या, तीन दिवस बसल्या. बाईंस लहानपणी देवी आल्या होत्या, त्याचे व्रण गालांवर, त्यापायी चारचौघांत पदर गालावर ओढून घेत. सरदारांस वाटले, हे आपण दाखवू नये, आणि चौथे दिवशी कणकेने चित्रातले गाल पुसून साफ केले आणि कागद पुढे ठेविला.

बाईंनी पुष्कळ वेळ पाहिले. "ही आमची धाकटी बहीण अंबू," म्हणाल्या. "अंबूलाच काढायचं होतं, तर मला कशास बसवलंत? चाळीस वर्षं माझ्याकडे बघून हेच दिसलं तुम्हांला?" आणि उठून गेल्या, आणि आठ दिवस वाढीत पण बोलत नसत. सरदार लढाया हरले होते, पण त्यानंतर जेवण गोड लागत असे, हे तसे नव्हते. मग नवव्या दिवशी सकाळी ते चुलीपुढे दुखरा गुडघा मोडून बसले.

"चुकलो. पुन्हा बसा."

"व्रण काढाल?"

"सगळे."

"सतरा आहेत. मोजलेत कधी?"

"नाही."

"मग आधी मोजा."

मग बाई खिडकीत बसल्या आणि पदर मागे सारला, आणि सरदारांनी चाळीस वर्षांत पाहिले नव्हते इतके जवळून पाहिले, आणि एकेक करून मोजले, आणि "एकोणीस" म्हणाले.

"सतरा. तुमच्या घरी यायच्या आधीपासून आरशात मोजतेय मी."

"दोन डाव्या कानाच्या पाळीमागे आहेत. ते आरशात कुठून दिसतील?"

बाईंनी बोटाने कानामागे चाचपले, आणि मग हळूच मान उजवीकडे वळविली, तो कान उजेडात आला. "मग तेही येऊ द्या," म्हणाल्या.

येणेप्रमाणे ती मोहीम त्यापुढे पाच दिवसांत फत्ते जाहली. नाक जरा लांब झाले आहे, असे कुशाबाचे मत पडले, ते कोणी मनावर घेतले नाही. चित्र बैठकीत लाविले आहे, जागा बाईंनीच दाखविली. तुम्ही त्या वाटेने गेलात तर अवश्य बघा, फक्त एवढी विनंती ऐका, मंडळी: गालाला बोट लावू नका. कोळसा आहे, पुसला जाईल.