फुल्यांचं अंगण

फरशी बसवणं म्हणजे काय हो मोठंसं! अख्खं घर बसवलं मी, चार फरश्या बसणार नाहीत? असं मी आमच्या वन्संना छातीठोकपणे सांगितलं आणि तिथेच घात झाला.

मागच्या अंगणात नवीकोरी फरशी घातली होती ती ह्यांच्यासाठी. ह्यांचं विसरणं वाढत चाललं होतं. आधी चष्मा विसरायचे, मग नातवंडांची नावं, मग जेवलो की नाही ते. चालणं तेवढं शाबूत होतं. "रोज चालवा," डॉक्टर म्हणाले होते, "चालणं थांबलं की अंथरूण धरतील." म्हणून अंगण सपाट करून घेतलं. पण गवंड्याची पाठ वळली आणि फरश्या डुगडुगायला लागल्या! एकीवर हे असे हेलपाटले, की त्या दिवसापासून उंबऱ्याबाहेर पाऊल टाकेनात. गवंड्याला फोन केला की तो म्हणे, "येतो आजी, सोमवारी." कुठल्या सोमवारी, ते मात्र सांगत नसे.

"आपणच करू," मी म्हटलं.

"कर की!" वन्सं म्हणाल्या. ह्यांच्या थोरल्या बहीण. वय ऐंशीच्या पुढे, आवाज विशीतला. "गादी उलटताना कंबर धरते तुझी, आणि म्हणे फरश्या उचलणार!"

"तुम्ही आहात ना पहार धरायला!"

बेत चोख होता. मी हातोडीच्या दांड्याने फरशी ठोकायची, पोकळ वाजली की खडूने तिच्यावर फुली मारायची. मग वन्संनी ती पहारीने उचलायची आणि मी खाली सिमेंट-वाळू भरायची. अंगण ठोकून, फुल्या मारून आम्ही चहाला आत गेलो. परत येऊन बघतो तर अंगण लख्ख! एक फुली नाही!

"अगं, मारल्या होत्यास ना?"

"मग काय स्वप्नात मारल्या?"

पुन्हा ठोकलं, पुन्हा मारल्या. सिमेंट कालवायला पाणी आणावं म्हणून दोघी नळाशी गेलो. मागे वळून बघते तर हे! उंबरा न ओलांडणारा माणूस डुगडुगत्या फरश्यांच्या ऐन मध्यावर, हातात ओलं फडकं घेऊन वाकलेला!

"अहो! काय करताय?"

ह्यांनी वर बघितलं. जन्मभर गणित शिकवलं ह्यांनी. "इतक्या फुल्या मारू नयेत मुलांना," हे शांतपणे म्हणाले. "धीर खचतो. सोडवू द्यावं पुन्हा."

वन्सं एकदम पहार टेकून खाली बसल्या. "लहानपणी माझीही गणितं हाच सोडवायचा गं," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

मग फुल्या मारायला माझा हात धजेना. म्हटलं, आठवणीने करू! तर वन्संची आठवण एकीकडे, माझी दुसरीकडे. "ही हलत होती!" "छे, ती!" असं करत आम्ही धड बसलेल्या फरश्याही उखडल्या. त्यात वन्संनी सिमेंट कालवलं ते पातळ कढीसारखं. संध्याकाळपर्यंत अंगण म्हातारीच्या दातांसारखं दिसायला लागलं. एक वर, एक आत, मध्ये खिंडार!

अखेर गवंडी आला. बघून म्हणाला, "आजी, इथून रणगाडा गेला का?"

"दोन गेले," वन्सं म्हणाल्या.

त्याने सगळं उखडून नव्याने बसवलं. सिमेंट वाळेपर्यंत हे आत खिडकीशी बसून राहिले, आणि मग बाहेर यायलाच तयार होईनात. अंगण आरशासारखं सपाट, पण हे उंबऱ्याशी चौकट धरून उभे. मी हात धरला, वन्संनी हाक मारली. पाऊल काही उचलेना.

मी खडू काढला आणि एकेका फरशीवर फुली मारत सुटले. राहिलेली हत्यारं न्यायला आलेला गवंडी धावत आला. "आजी! एकसुद्धा हलत नाही! उड्या मारून दाखवू?"

"तू बाजूला हो रे बाबा!"

ह्यांनी फुल्या बघितल्या. कपाळाला आठ्या पडल्या. फडकं मागून घेतलं, उंबरा ओलांडला, आणि फरशीमागून फरशी पुसत थेट कुंपणापर्यंत चालत गेले.

सगळं पुसून हे माझ्यासमोर आले आणि अदबीने म्हणाले, "झालं बाई तुमचं काम. निघतो आता. घरी बायको वाट बघत असेल."

वन्संनी तोंड फिरवलं. मी ह्यांच्या हातातलं फडकं घेतलं. "चहा घेऊन जा," म्हटलं. "तिला काही वाटायचं नाही."

"तुम्हाला माहीत नाही," हे आवाज खाली आणून म्हणाले, "फार रागावते हो ती!"

आता ह्यावर मला रागावताही येईना!