वीतभर रुंद

या, असे जवळ सरका, मायबापहो. आज एका ट्रॅक्टरची कथा सांगतो. ऐकताना छाती धडधडली तर शेजाऱ्याचा हात धरा.

टेपराव खिशात मोजपट्टी घेतल्याशिवाय घराबाहेर पडत नसत. थोरला भाऊ गेल्यावर वहिनींच्या कोबीतलं तण काढायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. वहिनींचे गुडघे पार कामातून गेलेले.

"वहिनी, यंदा खुरप्याला शिवायचं नाही. नऊच्या ठोक्याला ट्रॅक्टर घेऊन हजर!"

कोबीच्या ओळी चाकांमधून सुखरूप जायच्या, तर चाकं लांब लांब हवीत. टेपरावांनी सकाळीच शेडमध्ये जॅक लावला. पुढची चाकं बाहेर ओढली, मागचं डावं उजवीकडे आणि उजवं डावीकडे चढवून तीही बाहेर काढली, चारदा मोजलं. "सुताचाही फरक नाही!"

ट्रॅक्टर दारापाशी आला आणि त्यांचे डोळे पांढरे झाले. दार वीतभर अरुंद!

"दार मोजलं नव्हतंत?" बायकोनं विचारलं.

"दार काय कोबीत न्यायचंय?"

चाकं पुन्हा आत घेतली. ट्रॅक्टर अंगणात आला. चाकं पुन्हा रुंद. अकरा वाजले. ओढ्यावरच्या पुलाशी पुढे चालणारी बायको किंचाळली, "अहो, थांबा!"

टेपरावांनी वाकून पाहिलं. पुढचं चाक अर्धं पुलावर, अर्धं हवेत!

"शेतात जाऊनच रुंद करायची होती ना," बायको म्हणाली.

"मग मघाशी का नाही बोललीस?"

"तुम्ही मोजताना कुणी बोललेलं चालतं का तुम्हाला?"

मागे घ्या, अरुंद करा, पूल ओलांडा, रुंद करा. शेतात पोचायला तीन वाजले, आणि टेपराव बसल्या जागी गार पडले. कोबीत तणाची काडी नव्हती. बांधावर वहिनी गुडघे चोळत बसलेल्या.

"वहिनी, हे काय केलंत!"

"तुमची वाट बघता बघता म्हटलं, एक ओळ काढावी. मग दुसरी. सगळंच झालं की! आता मात्र उठवत नाही हो भाऊजी. ट्रॅक्टरवरून घरी सोडता?"

टेपरावांनी पुलाकडे पाहिलं, मग बायकोकडे. ती आभाळाकडे बघत होती.

पुलाशी पुन्हा जॅक लागला. नट हरवू नयेत म्हणून वहिनी ते ओंजळीत धरून बसल्या आणि म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या. मला घाई नाही."

तर मायबापहो, कुणावर उपकार करायला निघालात, की त्या माउलीची तेवढी आठवण ठेवा. तिचे गुडघे अजून दुखताहेत.