दोन ओळींत बसेल तेच

सुविचारकाकांनी कपाटातली वही उघडली आणि आत स्वतःचंच अक्षर निघालं. तिथं काकूंचं अक्षर असायला हवं होतं.

रोज पान फाडायच्या कॅलेंडरवर तारखेखाली जो सुविचार असतो, तो काका लिहीत. वर्षाला तीनशे पासष्ट, अशी बावीस वर्षं. एकही स्वतः पाळला नाही, ही गोष्ट वेगळी. काकू गेल्या तेव्हा भेटायला आलेल्यांनी काकांचेच सुविचार काकांना ऐकवले. "काळ हेच दुःखावरचं औषध," असं शेजारी म्हणाले, तेव्हा हे वाक्य आपण एक पान रिकामं राहू नये म्हणून घाईघाईत खरडलं होतं, हे काकांना आठवलं आणि त्यांना आपलीच लाज वाटली.

घशाच्या ऑपरेशननंतर काकूंचा आवाज गेला होता. शेवटचे आठ महिने त्या जे बोलल्या, ते वहीत लिहून बोलल्या. वही काकांनीच दिली होती, सुविचारांच्या वहीची जुळी बहीण, तोच निळा पुठ्ठा. रोज संध्याकाळी काका ती उघडून दोन पानं ऐकत. हो, ऐकतच. आणि तीन आठवड्यांपूर्वी छापखान्याचा माणूस दारात उभा असताना, तापाच्या गुंगीत त्यांनी नेमकी तीच त्याच्या हातात ठेवली होती; अंथरुणातून उठून कपाट उघडलं ते आजच.

काका चपला उलटसुलट घालून छापखान्यात पोचले.

"या काका! यंदा कमाल केलीत!" मालक खुर्चीतून उठलेच. "बावीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः वाचलं बघा."

एरवी तिथं सुविचार कोणी वाचत नसे. मजकूर जुळवणारा जुळारी वही कात्रीनं कापायचा, एकेक पट्टी एकेका तारखेच्या कार्डावर चिकटवायचा. दोन ओळींत बसेल ते शहाणपण, न बसेल ते केराच्या टोपलीत.

"वही कुठंय?" काकांनी विचारलं.

"हे ऐका ना आधी. 'उजवी बाजू दुखते. डावी बरी आहे. तिच्याशी बोला.' काय खोल आहे! आणि हे, 'तुमचे सुविचार पुरे. पाणी द्या.' अहो, सगळ्या तत्त्वज्ञानाचं सार आलं यात! मुद्रितं तपासणाऱ्या बाई तर रडल्या."

"मालक, वही."

"कापली की. नेहमीसारखी."

"मग त्या पट्ट्या?"

"छपाई झाल्यावर काय करायच्यात? काल रद्दीत गेल्या." मालकांचा चेहरा उतरला. "का? काही चुकलं का काका? तसं असेल तर सांगा, सगळा माल बाद करू. आमचं काय व्हायचं ते होईल."

काका स्टुलावर बसले. काकूंचं अक्षर गेलं होतं, आता ते कुठूनही परत येणार नव्हतं. राहिलं होतं ते या छापील गठ्ठ्यांत. तेही बाद करा म्हणायला त्यांची जीभ रेटेना.

"चुकलं काही नाही," ते म्हणाले. "एक कॅलेंडर द्या."

वर्ष सुरू झालं आणि घरोघरी काकू बोलू लागल्या. एका शाळेत 'पाणी द्या' यावर निबंध लिहायला लावला. 'नर्सला हसवू नका, सुई हलते' हे वाक्य एका साहेबांनी काचेखाली ठेवलं. लोक वाचत, मान डोलावत, पान फाडून टाकत. त्या वाक्यांआधी काकांनी काय विचारलं होतं, हे एकट्या काकांना ठाऊक होतं. ते पानं जपून ठेवत, आणि काकूंना उत्तर दिल्याशिवाय त्या दिवसाचं पान काढत नसत.

बारा तारखेला काकूंची धाकटी बहीण आली. भिंतीकडे बघून म्हणाली, "भाऊजी, तुमच्याकडं अजून तीनच तारीख?"

"हो."

"नऊ दिवस झाले! पान फाडायला काय जड जातं का तुम्हाला?"

"तिनं विचारलेल्याचं उत्तर देता येत नाहीये," काका म्हणाले. "दुसऱ्या कुणाला थाप मारली असती. तिला कळते."

मेव्हणीनं कपाळाला हात लावला आणि चष्मा सारखा करून कॅलेंडरजवळ गेली. तीन तारखेखाली छापलं होतं, 'जेवलात का? बिस्किटं जेवणात धरायची नाहीत.'

तिनं ते दोनदा वाचलं. टेबलावर बिस्किटांचे रिकामे पुडे होते, तेही पाहिले. मग पदर खोचून ती आत गेली, भांडी घासली, गॅस पेटवला, आणि बऱ्याच वेळानं दोन ताटं वाढून बाहेर आली. एकमेकांकडे न बघता दोघं जेवली.

काकांनी हात धुतला, भिंतीपाशी जाऊन "हो, जेवलो," असं सांगितलं आणि पान काढलं.