मधोमध ठेवलेली दुपटी

बायकोचं मागणं एवढंसं होतं. समुद्रात पाय बुडवायचे. बस्स. बाळ झाल्यापासून ती बापडी डॉक्टरच्या दवाखान्यापलीकडे कुठे गेली नव्हती, आणि दवाखान्याच्या पायरीवर काही लाटा येत नाहीत.

"अहो, एकदा न्या ना. थोडा वेळ उभी राहीन, की लगेच परत."

नवरा त्या दिवशी खुशीत होता. म्हणाला, "नेतो की! समुद्राकाठच्या रस्त्याने जाऊ, रात्री मुक्काम करू आणि सकाळी आतल्या हायवेने घरी. तू फक्त गाडीत बसायचं. सामान मी भरणार."

सामान मी भरणार. इथेच माशी शिंकली बघा.

कारण हा गडी साधासुधा नवरा नव्हे. लोकांची बिऱ्हाडं इकडची तिकडे हलवणाऱ्या कंपनीत तो लोडिंग सुपरवायझर. कपाटं, फ्रीज, काचेची भांडी, कुणाच्या सासऱ्याचा फोटो, सगळं ट्रकात असं चेपून बसवायचा की डोंगर ओलांडला तरी कपाचा कान तुटायचा नाही. हाताखालची माणसं त्याला 'पॅकबंद' म्हणत. (तोंडावर नव्हे. तोंडावर साहेबच.) त्याचे नियम दोनच, पण काळ्या दगडावरची रेघ. नाजूक माल मधोमध ठेवायचा. आणि एकदा भरलेली गाडी मुक्कामाला पोचेपर्यंत उघडायची नाही.

आता बाळाच्या घरात नाजूक काय असणार? बाळाचंच सगळं. तेव्हा दुपटी, लंगोट, झबली, मऊ टॉवेल हे मधोमध गेलं. त्याच्याभोवती घडीचा पाळणा. पाळण्याभोवती आंघोळीचा टब. टबाभोवती उशा, टेबलफॅन, इस्त्री, कपड्यांच्या बॅगा. वर गादी, गादीवर दोरी, दोरीवर टेप. डिकी भरली, टप भरला, मागची अर्धी सीट भरली.

"अहो, दुपटी तेवढी वर असू द्या," बायको म्हणाली.

"वरचा माल आधी खराब होतो. हे माझं खातं आहे, तू लुडबुड करू नकोस."

सासूबाई दारात उभ्या राहून गंमत बघत होत्या. त्यांनीही यायचं ठरलं होतं. (म्हणजे त्यांनीच ठरवलं होतं.)

"जावईबापू, मला कुठे रचताय? मी नाजुकात येते की जाडजुडात?"

"तुम्ही मागच्या सीटवर, आई. बाळाला घेऊन."

"बरं बाई. टेप नका लावू हो मात्र."

जावयाने हातातल्या टेपकडे पाहिलं. मग सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. मग मोठा सुस्कारा सोडून टेप खिशात घातली.

निघाले. बाळ म्हणजे ठमाबाई, आजीच्या मांडीवर गाढ झोपल्या. वळण संपलं आणि समुद्र दिसला. निळाशार, लखलखता, आणि पाणी बघून बायकोच्या पायांना नुसत्या मुंग्या यायला लागल्या.

"थांबवा हो!"

"इथे वाळू आहे. भरलेली गाडी रुतते."

दुसरा किनारा आला.

"इथे थांबवा!"

"उतार आहे. माल सरकतो."

तिसऱ्या किनाऱ्याला ऊन फार होतं, चौथ्याला गर्दी फार होती, आणि पाचव्याला काहीच खोड सापडेना म्हणून साहेब म्हणाले, "इथे मला बरं वाटत नाही." समुद्र आपला खिडकीतून पळतोय, आणि बायको काचेला नाक लावून बसलीय. सिनेमाचं तिकीट काढून बाहेर पोस्टर बघत बसल्यासारखी.

पेट्रोल भरायला थांबले, मुक्कामाच्या गेस्ट हाउसचा रस्ता विचारला, आणि पंपवाल्याने बाँब टाकला. "पुढचा किनारा शेवटचा हां. मग रस्ता डोंगरात घुसतो. तुमचं ते गेस्ट हाउस? ते तर पार आत. तिथे समुद्र कॅलेंडरवर दिसतो."

बायको हळूच म्हणाली, "पुढे थांबायचं."

"बघू."

"बघू नाही. थांबायचं."

नवरा मनात म्हणाला, डुलकी लागेल तिला, आणि किनारा निघून जाईल. (पुरुषांची बुद्धी अशी वेळेला पुरते बघा, कधी कमी पडत नाही.)

बायकोला डुलकी लागली नाहीच. उलट ठमाबाईच जाग्या झाल्या. आधी चेहरा लालबुंद, मग कपाळाला आठ्या, मग एकदम गोड हसू.

"जावईबापू," मागून आवाज आला, "निकाल लागला."

"कसला निकाल?"

"पहिल्या वर्गात पास. पाठीपर्यंत पोचलाय, आणि माझ्या साडीवर उतरतोय."

काचा खाली झाल्या. वास काही खाली होईना. कच्चकन ब्रेक लागला, तो नेमका शेवटच्या किनाऱ्यावरच.

"दुपटं द्या," बायको म्हणाली.

"मुक्कामाला पोचल्यावर..."

सासूबाईंनी नातीला नुसतं दोन्ही हातांनी उचलून त्याच्या नाकासमोर धरलं. साहेबांनी नियम मोडला.

पण मोडला तोही शिस्तीत. एकेक वस्तू खाली उतरवायची, रस्त्याच्या कडेला ओळीत मांडायची, मोठी मागे, छोटी पुढे. गादी आली, पंखा आला, इस्त्री आली, उशा आल्या, बॅगा आल्या. फिरायला आलेलं एक म्हातारं जोडपं उभं राहिलं. त्यांना बघून आणखी दोघं उभे राहिले. उभी माणसं बघून एक गाडीच थांबली.

आजोबांनी पंख्याला टिचकी मारली. "फिरतो का हो?"

"फिरतो की," सासूबाई म्हणाल्या. "आमच्या जावयासारखा. दमतो फार, जातो कुठेच नाही."

"आणि गादीचं काय सांगता?"

"विकायला नाहीये!" नवरा डिकीतून ओरडला. टबात पाळणा अडकला होता आणि पाळण्यात त्याचा हात.

"असंच म्हणतात आधी, भाव वाढवायला," आजीबाई आजोबांच्या कानात म्हणाल्या, आणि दोघं गादीवर बसून बघायला लागले.

गर्दी बघून हवालदार आले. शिट्टी वाजली.

"दुकान कुणाचं हे?"

"दुकान नाही साहेब, बाळाची दुपटी शोधतोय."

हवालदारांनी एकवार पंखा पाहिला, इस्त्री पाहिली, गादीवरचं जोडपं पाहिलं. "दुपटी? बरं. मग बाळ कुठंय?"

नवऱ्याने वळून पाहिलं. बाळ नव्हतं. बायको नव्हती. सासूबाई तर आत्ता इथेच भाव सांगत होत्या, त्याही नव्हत्या.

होत्या, पण पाण्यात. बायको गुडघाभर समुद्रात उभी. तिने लंगोट, झबलं सगळं उतरवून लेकीला लाटेत खळखळून धुतलं होतं, आणि उघडी ठमाबाई फेसावर चापट्या मारून किंचाळत होती. सासूबाई साडी खोचून शेजारी. तिघीही हसत होत्या, आणि पाठीमागे वळून कोणी म्हणून बघत नव्हतं.

नेमका त्याच वेळी त्याचा हात मोकळा झाला आणि गठ्ठा हाताला लागला.

"सापडली! दुपटी सापडली!"

वारा उलटा होता. ऐकलं फक्त हवालदारांनी.

"छान झालं. आता हे सगळं उचला. लगेच. नाहीतर पावती फाडतो."

मग काय, साहेबांच्या अंगात पॅकबंद संचारला. म्हाताऱ्या जोडप्याला गादीवरून उठवलं. भराभरा पाळणा, टब, उशा, पंखा, गादी, दोरी, टेप. पाहणारे थक्क. हवालदारसुद्धा म्हणाले, "वा, काय भरता हो गाडी!" त्याची छाती फुगली. एवढ्यात तिघी परत आल्या. निथळत, वाळूने माखलेल्या, आणि खुशीत.

"अहो, काय सुंदर होतं! तुम्ही बघितलंत का? बरं, टॉवेल द्या आधी. आणि एक दुपटं. कुडकुडतेय ही."

नवरा खिशातली टेप चाचपत राहिला.

"अहो?"

"ते..." त्याने टेप मारलेल्या डिकीकडे बोट केलं. "मधोमध आहे."

दोघी मायलेकींनी त्याच्याकडे असं पाहिलं की हवालदारांनासुद्धा दया आली. पण फार नाही. "आता पुन्हा उघडलंत ना, तर मात्र नक्की फाडणार," ते म्हणाले.

तेव्हा खिडकीशी लटकवलेला इस्त्रीचा शर्ट ठमाबाईंना गुंडाळायला गेला. अंगातला शर्ट बायकोचे पाय पुसायला गेला. आणि सासूबाईंनी बनियनकडे नजर टाकली, तेव्हा साहेब पटकन जाऊन स्टिअरिंगमागे बसले.

तसाच बनियनवर त्याने डोंगर ओलांडला. गेस्ट हाउसचा मॅनेजर लगबगीने पुढे आला, बायकोला वाकून नमस्कार केला, बाळाचं कौतुक केलं, आणि याच्याकडे वळून म्हणाला, "ए, सामान आत घे रे, आणि गाडी मागे लाव. ड्रायव्हर लोकांची झोपायची सोय तिकडेच आहे."

नवऱ्याने मोठ्या आशेने बायकोकडे पाहिलं. बायको खुर्चीवर बसून पायाच्या बोटांमधली वाळू काढत होती, आणि कितीतरी दिवसांनी तिचा चेहरा इतका शांत दिसत होता.

गाडीतून एकामागून एक निघणारा माल बघून मॅनेजर खूश झाला. सासूबाईंना म्हणाला, "माणूस कामाचा दिसतोय हो. कायमचा आहे, की ट्रिपपुरता आणलाय?"

सासूबाईंनी लेकीकडे पाहिलं. लेकीने सुस्कारा सोडला.

"कायमचा आहे," ती म्हणाली. "परत घेत नाहीत."