दहा यंत्रांचं एकमत

मोजमापात माझा हात धरणारं अख्ख्या कंपालात कोणी नाही! निदान गेल्या मार्चपर्यंत तरी नव्हतं.

प्रश्न सरळ होता. आमच्या शहरात बोडा, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकली, दिवसभर पेट्रोलचा धूर सोडत पळतात. त्या विजेवर आणायच्या, तर बॅटरी केवढी हवी आणि ती चार्ज कुठे करायची? आमच्या प्रयोगशाळेला सौर छपराचं एक चार्जिंग केंद्र मिळालं होतं. एकच! ते कुठे उभारायचं, हे माझ्या अभ्यासावरून एक समिती ठरवणार होती. आणि अभ्यास समितीला पटला, तर माझी सहा महिन्यांची हंगामी नोकरी पक्की होणार होती. घरी आईने तर पक्कीच धरली होती. शेजारच्या तीन घरांना तिने सांगूनही टाकलं होतं.

"बोडावाल्यांना विचार," प्राध्यापक ब्यारुगाबा भाजके शेंगदाणे सोलत म्हणाले. "कागद घे, स्टँडवर जा, विचार."

"सर, माणसं खोटं बोलतात. यंत्रं खोटं बोलत नाहीत."

"यंत्रं काहीच बोलत नाहीत, नाबोसा. अडचण तीच आहे."

मी हसले. जुन्या पिढीचे लोक! मी काडेपेटीएवढी दहा यंत्रं बनवली होती. गाडीला बांधली की दर सेकंदाला जागा आणि वेग टिपणार. दहा बोडा, तीस दिवस. मग बोडाचा सरासरी दिवस कागदावर अस्सा उतरणार, जसा डॉक्टरकडे हृदयाचा आलेख!

वांडेगेयाच्या स्टँडवर साठ बोडा उभ्या असतात आणि एक चेअरमन असतात, किग्गुंडू. त्यांना ओलांडून तिथे कोणाला शेंगदाणासुद्धा देता येत नाही. म्हणून यंत्रांचं खोकं मी त्यांच्याच हाती दिलं.

"हे भिजता कामा नये," मी बजावलं. "रोज रात्री चार्ज करायचं. मध्येच काढायचं नाही. माणूस भरवशाचा हवा, दारू पिणारा नको."

"अरे बापरे," चेअरमन म्हणाले. "आमच्या स्टँडवर?"

"आणि चेअरमन, ही नोंद अख्ख्या स्टँडच्या वतीने होणार आहे. जबाबदारी मोठी आहे!"

चेअरमनचा चेहरा एकदम उजळला. "स्टँडच्या वतीने? मग काळजीच सोडा, मॅडम. त्याची पद्धत आहे आमच्याकडे."

पद्धत कोणती, हे मी विचारलं नाही. माझ्या वहीत तो रकानाच नव्हता.

तीस दिवसांनी खोकं परत आलं. मी माहिती संगणकावर चढवली आणि खुर्चीतून उठून उभी राहिले. दहापैकी एकही यंत्र एकदाही बंद पडलं नव्हतं! असं जगात होत नाही. यंत्रं भिजतात, हरवतात, कोणाची तरी शेळी खाते. इथे एका सेकंदाचाही खंड नव्हता.

आणि दहाही आलेख एकमेकांवर तंतोतंत बसत होते! फरक फार तर चार मीटरचा. आता चार मीटर म्हणजे यंत्राची स्वतःचीच चूक, हे मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच.

"दहा माणसं महिनाभर एकमेकांपासून चार मीटरवर?" सरांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"सर, बोडावाल्यांमध्ये एकी फार असते."

सरांनी एक शेंगदाणा तोंडात टाकला आणि बराच वेळ चावला.

आलेख सांगत होता की बोडा सकाळी नऊच्या सुमाराला शहराबाहेर पडतात. ताशी चोवीस किलोमीटर. घाई नाही, घुसाघुशी नाही. आता हे खरं, की त्याच सकाळी एक बोडा फुटपाथवरून माझ्या कोपराला घासून गेली होती आणि वर चालकच माझ्यावर ओरडला होता, "बाई, रस्त्यात कशाला चालता!" पण एक कोपर म्हणजे नमुना नव्हे. शास्त्रात असं चालत नाही.

खरा शोध पुढेच होता. तीसपैकी एकोणीस दिवस दहाही बोडा भर दुपारी तीन-तीन, चार-चार तास एका जागी उभ्या होत्या. सूर्य डोक्यावर आणि गाड्या उभ्या! सौर छपरासाठी याहून चांगलं काय हवं? ठिकाणं तेवढी विचित्र होती. म्पिगीच्या बाजूला, मित्यानाच्या बाजूला, सगळी खेड्यातली, केळीच्या बागांमध्ये. मी एकोणीस ठिपक्यांचा मध्य काढला. तो शहरापासून बत्तीस किलोमीटरवर कोणाच्या तरी केळीच्या बागेत पडला.

चार्जिंग केंद्र तिथेच!

समितीच्या बैठकीला मी चेअरमनना बोलावलं. स्टँडवरचा एखादा चालकही आणा म्हटलं. ते सालोंगो लुब्वामाला घेऊन आले. सालोंगो म्हणजे जुळ्यांचा बाप. आमच्यात हा मान एकदा मिळाला की मूळ नावाने कोणी हाक मारत नाही. पन्नाशीचा माणूस, पायघोळ पांढरा कांझू, त्यावर काळा कोट. चेहरा इतका गंभीर, की नुसतं पाहून आपलं कोणीतरी गेलं असावं असं वाटे.

समितीच्या अध्यक्षा मिरेम्बे मॅडम माझा नकाशा बघत होत्या.

"बागेत दुपारभर करतात काय हे लोक?"

"विश्रांती, मॅडम," मी ठणकावून सांगितलं. "शहराबाहेर, सावलीत, सामूहिक विश्रांती. हा आमच्या अभ्यासाचा मुख्य निष्कर्ष आहे!"

चेअरमन खोकले. सालोंगोने मान खाली घातली.

"हा सात नंबरचा ठिपका," मिरेम्बे मॅडम पुढे वाकल्या. "म्पिगी रस्ता, चर्चच्या मागे. तारीख अकरा." मग त्यांनी डोकं वर केलं आणि सालोंगोकडे नीट पाहिलं. "तुम्ही! तुम्ही माझ्या आत्याच्या मातीला आला होता!"

सालोंगो उठून उभा राहिला. कोटाचं बटण लावलं. "हो, बाईसाहेब. फार चांगली बाई. त्यांचा एक भाचा आमच्या स्टँडवर आहे."

"भाषण केलंत तुम्ही! चाळीस मिनिटं!"

"थोडक्यात आवरलं, बाईसाहेब. पाऊस येत होता."

मिरेम्बे मॅडम माझ्याकडे वळल्या. "मुली, तुझा सात नंबरचा ठिपका ही माझी आत्या आहे."

सरांच्या हातातलं शेंगदाण्याचं टरफल फुटलं.

"चेअरमन," मी हळूच विचारलं, "दहा यंत्रं दहा जणांना दिली होतीत ना?"

"दहा जणांना कशाला त्रास?" चेअरमनना खरोखरच नवल वाटलं. "स्टँडवर कोणाकडे मयत झाली तर साठ जण जातात का, मॅडम? साठ गेले तर शहर चालणार कसं? एक जातो, साठांच्या वतीने. तो सालोंगो. पीत नाही, कोट स्वतःचा आहे, बोलतो चांगलं. शेजारचे दोन स्टँडसुद्धा त्यालाच पाठवतात. तुम्हीच म्हणालात, स्टँडच्या वतीने!"

"दहाच्या दहा?"

"बायकोने दुपट्यात गुंडाळून दिली होती," सालोंगो म्हणाला. "जुळ्यांचं आहे, मऊ. सीटखाली ठेवायचो. रात्री दहाही ओळीने चार्जिंगला लावायचो. आधी यंत्रं, मग माझा फोन." त्याने माझ्याकडे पाहिलं. "काही चुकलं का, मॅडम?"

तीस दिवसांत त्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्या खोलीत सगळं काटेकोरपणे करणारा तोच एक माणूस होता!

"म्हणजे," मिरेम्बे मॅडमनी कागद गोळा केले, "सार्वजनिक चार्जिंग केंद्र आपण एकोणीस अंत्यविधींच्या बरोबर मध्यावर उभारणार होतो."

सरांनी मला वाचवायचा प्रयत्न केला. जी बॅटरी मातीला जाऊन परत येईल ती कुठेही पुरेल, असं काहीतरी म्हणाले. समितीने ते लिहून घेतलं आणि निर्णय तीन महिने पुढे ढकलला. नोकरी पक्की झाली नाही. हंगामी मुदत तेवढी तीन महिन्यांनी वाढली, एका अटीवर. मी कागद घेऊन स्टँडवर जायचं आणि साठही जणांना, एकेकाला, तोंडाने विचारायचं.

शनिवारी दुपारी मी घरात पडून होते. फाटकापाशी मोटरसायकल थांबली. हळू आली होती. ताशी चोवीस असेल.

आईने दार उघडलं. कांझू, काळा कोट, हातात हिरव्या मटोके केळ्यांचा घड. सालोंगो माझ्यासमोर बसला. घड पायाशी ठेवला.

"स्टँडच्या वतीने आलोय," तो म्हणाला. "नोकरी गेल्याचं कळलं. चेअरमननी सांगितलंय, या दुःखात तुम्ही एकट्या नाही."

"गेली नाही हो, सालोंगो. तीन महिने वाढवलीय."

"म्हणजे अजून आहे?"

"आहे."

तो गोंधळला. "मग मी लवकर आलो का?"

तेवढ्यात आतून आईने विचारलं, जेवायला थांबणार ना? तो थांबला. मटोके शिजायला वेळ लागतो. जेवण झाल्यावर त्याने उठून कोटाचं बटण लावलं आणि माझ्या नोकरीबद्दल चार शब्द बोलला. छान बोलला. तिच्यात इतके गुण होते, हे मलाही माहीत नव्हतं. आई रडली. शेजारच्या तिन्ही घरांतली माणसं येऊन बसली.

जाताना त्याने सीट उचलली आणि दुपट्याचं गाठोडं माझ्या हाती दिलं. बैठक संपल्यावर यंत्रांचं खोकं मी तिथेच टेबलावर विसरून आले होते. ते त्याने उचलून नेलं होतं, आणि बंद करा असं कोणीच न सांगितल्यामुळे रोज रात्री दहाही चार्जिंगला लावत राहिला होता.

मी ती तिथेच बंद केली आणि सोमवारी संगणकाला जोडली. ठिपका क्रमांक वीस, माझं घर. मुक्काम तीन तास दहा मिनिटं. दहाही यंत्रांचं एकमत!