दर महिन्याला वारणारे साहेब

आमचे भिंगारदिवे साहेब दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मरतात. सकाळी व्यवस्थित नाश्ता करून, भांग पाडून वेळेवर ऑफिसला येतात, खुर्चीत बसतात, खिशातला पांढरा रुमाल झटकून तोंडावर टाकतात आणि जाहीर करतात, "मी वारलो. आता मला कुनी काय विचारायचं न्हाई. करा सुरू."

नगरच्या एका दूध संघात मी संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे साहेब, मी आणि दरंदले. अख्ख्या इमारतीत एसी फक्त चेअरमनसाहेबांना आणि सर्व्हरला आहे. त्यातला सर्व्हर काम करतो. हा सर्व्हर म्हणजे एक धिप्पाड खरा संगणक, आणि त्याच्या पोटात चालणारे बरेच नकली संगणक. त्यांना व्हर्च्युअल मशीन म्हणायचं. एकात पगार, एकात हजेरी, आणि एकात दुधाचा प्रोग्राम, तोही पुन्हा कंटेनर नावाच्या बंद डब्यात. कुठल्या गावाहून किती दूध आलं, फॅट किती लागली, सगळं त्या डब्यातून चालतं. ते बंद पडलं की फाटकाशी दुधाच्या गाड्यांची रांग लागते, आणि दूध घेऊन आलेली माणसं शांत उभी राहणाऱ्यांतली नसतात. म्हणून या सगळ्याची रोज नक्कल काढून ठेवायची. ती नक्कल म्हणजे बॅकअप.

बाकीचं जग इथे थांबतं. साहेब इथून सुरू होतात.

"साहेब, बॅकअप झाला," असं कुणी म्हटलं की ते विचारतात, "उठला का?" म्हणजे त्या नकलेवरून मशीन पुन्हा उभं करून पाहिलं का. पाहिलं नसेल तर त्यांच्या लेखी बॅकअप झालेलाच नाही. दरंदले शिंगणापूरकडचा. तो एकदा बिचारा बोलून गेला, "साहेब, आमच्या गावात घरांना दारं न्हाईत, काय बिघडलं? तुमी उगं जिवाला घोर लावून घेता."

"चोर येत न्हाई म्हनून डिस्क मरायची थांबती व्हय?" साहेब म्हणाले. शनिदेवाचाही त्यांनी मुलाहिजा ठेवला नाही.

ते स्वतः चर्चला जाणारे, पत्नी मार्था गेल्यानंतरही एकही रविवार न चुकवणारे. मी एकदा चिडून म्हटलं, "साहेब, तुमचा कशावर विश्वासच नाही का?" तर म्हणाले, "पुनरुत्थानावर हाय की. पन त्यो रविवारी. शनवारी मला पुरावा लागतो, मॅडम."

हा पुरावा ते ऑफिसातच मागून थांबले असते तर आम्ही सुखाने नांदलो असतो. कुणी नवी छत्री आणली, की ती उघडून दाखवायला लावतात. जीपमध्ये बसायच्या आधी स्टेपनी चढवून बघतात. दरंदलेच्या बहिणीच्या लग्नात मंगल कार्यालयाच्या मॅनेजरने सांगितलं, "काळजी करू नका, जनरेटर आहे." साहेबांच्या देखत असं बोलायची त्या माणसाला काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे. मंगलाष्टकांचं दुसरं कडवं चालू असताना साहेबांनी मेन स्विच खाली ओढला. जनरेटर सुरू झाला नाही. मोबाईलच्या टॉर्चवर अक्षता पडल्या, त्यातल्या निम्म्या भटजींवर. वधूपिता थरथरत होते आणि साहेब त्यांच्या पाठीवर हात ठेवून समजावत होते, "आज कळलं म्हनून बरं झालं."

तर पहिला शनिवार. त्या दिवशी साहेब मेलेले, आणि आम्ही दोघांनी बाजूच्या जुन्या रिकाम्या सर्व्हरवर सगळा संघ नकलेतून उभा करायचा. अट एकच, मयताला काही विचारायचं नाही. दरंदलेला पाचव्या मिनिटाला राहवत नसे. "साहेब, पासवर्ड कोन्ता हुता?" रुमाल हलत नसे. पण साहेबांचा डावा बूट हलायचा. आम्ही चुकीच्या वाटेला लागलो की तो बूट फरशीवर ठकठक करायचा. सगळ्या जिल्ह्यात मयताच्या पायाकडे बघून काम करणारं आमचंच ऑफिस असावं.

एकदा तर आम्ही जिंकलो असंच वाटलं होतं. वर्षभर बॅकअपपुढे रोज हिरवी खूण येत होती. चेअरमनसाहेबांनी सभेत त्या हिरव्या खुणेचं कौतुकही केलं होतं. आम्ही दुधाचा कंटेनर उठवला. प्रोग्राम झोकात सुरू झाला, संघाचं बोधचिन्ह आलं, आणि आत एकही शेतकरी नाही. बेलापूर केंद्र रिकामं, सोनई केंद्र रिकामं. आम्ही वर्षभर नुसत्या डब्याची नक्कल काढत होतो. शेतकऱ्यांच्या नोंदी डब्यात नसतात, बाहेरच्या वेगळ्या कप्प्यात असतात, आणि त्या कप्प्याची नक्कल काढायला आम्ही कुणाला सांगितलंच नव्हतं. बूट असा वाजायला लागला की खालचे हिशेबनीस वर बघायला आले. शेवटी मयत रुमाल फेकून उठलं.

"भाजी घरी आन् नुसता डबा दिलाय बांधून," साहेब ओरडले. "त्येच्यावर हिरवी खून!"

त्यांची निवृत्ती जवळ येत चालली तसे ते जास्तच कावरेबावरे झाले. दर वेळी कुठेतरी अडायचं आणि त्यांना जिवंत व्हावं लागायचं. "मी जायच्या आत एकदा तरी माझ्याबिगर उठवून दावा," ते म्हणायचे. "न्हाईतर माझी सगळी नोकरी फुकट गेली." हे ते इतक्या कळवळून म्हणायचे की टिंगल करायची माझी सवयही जरा आवरायची.

शेवटच्या महिन्याचा पहिला शनिवार आला. साहेब वारले. दरंदलेने पासवर्ड विचारला नाही. मी मशीन उठवलं, आधी नोंदींचा कप्पा जोडला, मग कंटेनर सुरू केला. बेलापूर आलं, सोनई आलं, त्याच सकाळचं दूधसुद्धा आलं. बूट एकदाही हलला नाही. दरंदलेने अशी आरोळी ठोकली की चेअरमनसाहेब एसीतून बाहेर आले. त्यांना काही कळलं नाही, पण त्यांनी संघाचे पेढे मागवले. आम्ही सगळे कँटीनला धावलो. चहा झाला, फोटो झाले, आणि मग माझ्या लक्षात आलं की उत्सवमूर्ती वरच राहिली.

वर गेले तर साहेब तसेच बसलेले. रुमाल तोंडावरच.

"साहेब, उठा. झालं सगळं."

"कुनी कायच विचारलं न्हाई," ते रुमालाआडून म्हणाले.

"तुम्हीच तर सांगितलं होतं."

"व्हय. लई चांगलं झालं." त्यांनी रुमाल काढला, घडी घातली. "मार्था गेली ना मॅडम, तवा घरात चहाची पावडर कुठं ठेवत्यात तेबी मला म्हाईत नव्हतं. सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात. दारात लोकं बसलेली आन् मी डबं हुडकतोय. तवाच ठरवलं, आपल्यामागं कुनाची अशी गत व्हायला नको." रुमाल खिशात ठेवत म्हणाले, "न्हाई झाली."

मी पेढा पुढे केला. तो त्यांनी हातात तसाच धरून ठेवला.

"अधनंमधनं फोन करून काय तरी विचारत जावा," ते म्हणाले. "येत असलं तरी."

मला फार वाईट वाटलं. इतकी वर्षं ज्यांनी आम्हाला विचारू दिलं नाही, ते आता विचारा म्हणत होते, आणि आता विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं.

निवृत्तीनंतरच्या सोमवारी मी फोन लावला. दुधाचा प्रोग्राम समोर सुरळीत चालू होता.

"साहेब, कंटेनर आधी सुरू करायचा की नोंदींचा कप्पा आधी जोडायचा?"

मला हे येतं, हे त्यांना न कळण्याइतके ते भोळे नव्हते. तरी पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"अडलं का? घाबरू नका, मॅडम. पार पहिल्यापासनं सांगतो," साहेब म्हणाले, आणि खरोखरच पार पहिल्यापासून, अगदी सर्व्हरचं बटण कुठे आहे इथपासून सांगू लागले. त्यांच्यामागे घरात दुसरा कसलाच आवाज नव्हता. मी 'हं, मग?' करत ऐकत राहिले.

फोन ठेवला तेव्हा दरंदले माझ्याकडेच बघत होता.

"उद्या मी विचारतो," तो म्हणाला.